मूत्रपिंडाचा पसरलेला कर्करोग आणि औषध-चाचणी: अधिक जोखमीच्या रुग्णाच्या कुटुंबासाठी मार्गदर्शक

माझ्या थोरल्या भावाला, आमच्या दादांना, डाव्या मूत्रपिंडाचा कर्करोग असल्याचे कळले तेव्हा तो फुप्फुसांत आणि कमरेच्या एका मणक्यात पोहोचलेला होता. जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात तिसऱ्याच दिवशी त्यांना सुनिटिनिबच्या गोळ्या सुरू झाल्या, कारण ‘काहीतरी लगेच सुरू करा’ असा धोशा आम्हीच डॉक्टरांकडे लावला होता. एकोणीस दिवसांनी आम्ही फाइल घेऊन मुंबईला गेलो, तेव्हा नेमकी दादांसारख्या रुग्णांसाठीच एक औषध-चाचणी तिथे सुरू असल्याचे समजले. तिची पहिलीच अट अशी होती, की पसरलेल्या रोगावर रुग्णाने आधी कोणतेही औषध घेतलेले नसावे. एकोणीस दिवसांच्या गोळ्यांमुळे ते दार बंद झाले. पुढे नऊ महिन्यांनी, गोळ्यांचा परिणाम ओसरल्यावर, दुसऱ्या टप्प्यातील उपचारांच्या एका चाचणीत त्यांना प्रवेश मिळाला आणि तिथून बाहेर पडेपर्यंतची प्रत्येक पायरी मी त्यांच्यासोबत चढलो.

मी डॉक्टर नाही. कोणते औषध घ्यावे हे सांगण्याचा मला अधिकार नाही आणि तसा माझा हेतूही नाही. पण चाचणीत जायचे की नाही हे ठरवण्यासाठी घरच्या माणसांना जे ठाऊक असायला हवे, ते आम्हाला उशिरा कळले. तुम्हाला ते वेळेवर कळावे म्हणून हे लिहितो आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो: चाचणीचा विचार सगळे उपाय संपल्यावर करायचा नसतो, तो पहिली गोळी घेण्यापूर्वी करायचा असतो.

१. ‘अधिक जोखीम’ म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

‘हाय रिस्क’ हा शब्द ऐकून आमच्या वहिनींना वाटले, की प्रयोग धोकादायक आहे आणि दादांचे आता काही खरे नाही म्हणून त्यांना त्यात ढकलत आहेत. दोन्ही समज चुकीचे होते. इथे जोखीम हा शब्द औषधाविषयी नसून रोगाच्या वेगाविषयी आहे. पसरलेल्या मूत्रपिंडाच्या कर्करोगात सहा बाबी पाहून रुग्णाचा गट ठरवतात. जगभरचे कर्करोगतज्ज्ञ ही पद्धत वापरतात आणि तिचे संक्षिप्त नाव आयएमडीसी असे आहे. त्या सहा बाबी अशा:

पहिली, निदानापासून औषध सुरू करण्याची वेळ येईपर्यंत एक वर्षाहून कमी काळ गेलेला असणे. दुसरी, रुग्णाची हालचाल: कार्नोफ्स्की नावाच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीवर ८० पेक्षा कमी गुण, म्हणजे स्वतःचे आवरता येते पण कामधंदा करता येत नाही अशी स्थिती. तिसरी, हिमोग्लोबिन कमी असणे. चौथी, रक्तातील कॅल्शियम वाढलेले असणे. पाचवी, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणे. सहावी, प्लेटलेट वाढलेल्या असणे. यांपैकी एकही बाब नसेल तर गट अनुकूल, एक किंवा दोन असतील तर मध्यम, आणि तीन किंवा त्याहून अधिक असतील तर अधिक जोखमीचा. दादांच्या बाबतीत चार बाबी जुळत होत्या.

हा हिशेब घरी करून पाहायला हरकत नाही, पण दोन ठिकाणी फसगत होते. कॅल्शियमचा आकडा रिपोर्टमध्ये दिसतो तसाच घ्यायचा नसतो. पसरलेल्या आजारात रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन बहुधा उतरलेले असते आणि त्यामुळे कॅल्शियम प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा कमी दिसते. म्हणून ४ मधून अल्ब्युमिनचा आकडा वजा करायचा, उरेल त्याला ०.८ ने गुणायचे आणि येणारे उत्तर कॅल्शियमच्या आकड्यात मिळवायचे. उदाहरणार्थ, कॅल्शियम १०.० आणि अल्ब्युमिन २.५ असेल तर सुधारित कॅल्शियम ११.२ होते, आणि सामान्य वाटणारा रिपोर्ट जोखमीच्या बाजूला जातो. दुसरी फसगत हिमोग्लोबिनची. तपासणीच्या आदल्या आठवड्यात रक्त चढवलेले असेल तर आकडा वर दिसतो. अनेक चाचण्यांत रक्त चढवल्यानंतर ठरावीक दिवस गेल्याशिवाय तो आकडा धरत नाहीत. म्हणून रक्ताची पिशवी कोणत्या तारखेला लावली, हे वहीत लिहून ठेवा.

२. कागद आणि नमुने एकत्र करा, पण मूत्रपिंड काढण्याची घाई करू नका

आमच्याकडे सगळ्यांचे पहिले म्हणणे होते, की आधी गाठ काढून टाका, मग बाकीचे बघू. रोग मूत्रपिंडापुरताच असतो तेव्हा हे बरोबर असते. तो पसरल्यावर, विशेषतः अधिक जोखमीच्या गटात, गणित बदलते. कार्मेना या नावाच्या फ्रान्समधून चालवलेल्या अभ्यासात मध्यम आणि अधिक जोखमीच्या ४५० रुग्णांचे दोन गट केले होते; एका गटाचे मूत्रपिंड आधी काढून मग सुनिटिनिब दिले आणि दुसऱ्या गटाला थेट सुनिटिनिब दिले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार थेट औषध मिळालेले रुग्ण मागे पडले नाहीत. त्यांचे मध्यक आयुर्मान (निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ) १८.४ महिने होते, तर आधी शस्त्रक्रिया झालेल्यांचे १३.९ महिने. शस्त्रक्रियेतून सावरण्यात जाणारे आठवडे वेगाने वाढणाऱ्या रोगाच्या रुग्णाला महागात पडतात. काही निवडक रुग्णांना ऑपरेशनचा फायदा होतो आणि तो निर्णय डॉक्टरांचाच आहे. नातेवाइकांनी मात्र हट्ट धरू नये.

ऑपरेशन झाले नाही तरी बायोप्सी लागतेच, कारण रोगाचा उपप्रकार ठरल्याशिवाय चाचणीत घेत नाहीत. मूत्रपिंडाच्या कर्करोगांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश ‘क्लिअर सेल’ प्रकारचे असतात आणि बहुतेक चाचण्या त्याच प्रकारासाठी असतात. फाइलमध्ये पुढील गोष्टी हव्यात:

- बायोप्सीचा मूळ रिपोर्ट, आणि त्यासोबत काचेच्या स्लाइड व ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. नुसता रिपोर्ट चालत नाही, कारण चाचणीचे केंद्र नमुना पुन्हा तपासते. ब्लॉक पॅथॉलॉजी विभागात अर्ज देऊन मिळतो आणि त्याची पोच जपून ठेवावी लागते.
- सीटी स्कॅनची सीडी. आम्ही नुसत्या फिल्म घेऊन गेलो होतो. फिल्मवरून गाठ मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही, म्हणून एक फेरी वाया गेली.
- आतापर्यंतचे सगळे रक्ताचे रिपोर्ट, तारखेच्या क्रमाने लावलेले.
- घेतलेल्या प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची आणि थांबवल्याची तारीख. यात रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या, काढे, चूर्णे आणि कोणी प्रेमाने आणून दिलेल्या पुड्याही धरायच्या.
- आधीच्या रुग्णालयांची डिस्चार्ज कार्डे, आधार कार्ड, शिधापत्रिका, आणि नामनिर्देशित व्यक्तीचे आधार कार्ड. हे शेवटचे कशासाठी, ते संमतीपत्राच्या पायरीत येईल.

३. काय तपासले जात आहे, ते जाणून घ्या

लक्ष्यवेधी औषध, ज्याला रुग्णालयात सगळे टार्गेटेड थेरपी म्हणतात, ते जुन्या केमोथेरपीसारखे वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालत नाही. क्लिअर सेल प्रकारात बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचे जनुक निकामी झालेले असते. हे जनुक धड असताना पेशीला ऑक्सिजन पुरेसा आहे की नाही याचा निरोप नीट पोहोचतो. ते बिघडले की पेशीला सतत ऑक्सिजनची टंचाई भासते आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत राहते. गाठ त्या रक्तावर पोसली जाते. पेशीला ऑक्सिजन कसा जाणवतो याच्या संशोधनासाठी केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. सुनिटिनिब, पॅझोपॅनिब आणि कॅबोझॅन्टिनिब या गोळ्या रक्तवाहिन्यांची ही मागणी अडवतात. टेम्सिरोलिमस हे सलाइनमधून द्यायचे औषध आणि एव्हरोलिमस ही गोळी पेशीच्या वाढीचा एमटॉर नावाचा खटका बंद करतात.

अधिक जोखमीच्या रुग्णांचीच खास निवड करून केलेली एक चाचणी इथे सांगतो, कारण तीवरून अशा चाचण्यांची रीत कळते. टेम्सिरोलिमसच्या या चाचणीत ६२६ रुग्ण घेतले होते आणि प्रत्येकात प्रतिकूल बाबींपैकी किमान तीन असणे ही अट होती. त्यांचे तीन गट केले: एकाला त्या काळी प्रचलित असलेले इंटरफेरॉन, दुसऱ्याला नुसते टेम्सिरोलिमस आठवड्याला २५ मिलिग्रॅम, तिसऱ्याला दोन्ही. २००७ मध्ये आलेले निकाल असे होते: इंटरफेरॉनवर मध्यक आयुर्मान ७.३ महिने, टेम्सिरोलिमसवर १०.९ महिने आणि दोन्ही एकत्र घेणाऱ्यांचे ८.४ महिने. दोन औषधे मिळाली म्हणजे दुप्पट फायदा, हे जे आपल्याला सहज वाटते, ते इथे खोटे ठरले. एकत्र देताना दुष्परिणाम वाढले आणि टेम्सिरोलिमसची मात्राही कमी ठेवावी लागली होती. ‘मला जास्त औषधांचा गट मिळाला तर बरे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी हे तीन आकडे सांगतो.

हे औषध ज्या मूळ द्रव्यापासून बनले, ते रापामायसिन, ईस्टर बेटावरच्या मातीतील जिवाणूतून कॅनडात सुरेंद्रनाथ सहगल या भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाच्या चमूने वेगळे केले होते. दादांना ही गोष्ट फार आवडली होती आणि एव्हरोलिमस हे त्याच मातीचे धाकटे भावंड आहे हे कळल्यावर ते ती वॉर्डात इतरांना सांगत.

आज चित्र पुढे गेले आहे. प्रतिकारशक्ती जागी करणारी निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इंजेक्शने मध्यम व अधिक जोखमीच्या ८४७ रुग्णांत सुनिटिनिबशी ताडून पाहिली गेली, तेव्हा १८ महिन्यांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ७५ टक्के विरुद्ध ६० टक्के निघाले. त्यानंतर या दोन इंजेक्शनांना कॅबोझॅन्टिनिबच्या गोळीची जोड देऊन चाचणी झाली. रोग अधिक काळ रोखला गेला, पण गंभीर दुष्परिणाम झालेल्यांचे प्रमाण ५६ टक्क्यांवरून ७९ टक्क्यांवर गेले आणि एकूण आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. म्हणून कोणत्याही चाचणीचे कागद हाती आले, की डॉक्टरांना एकच प्रश्न आधी विचारा: ‘चाचणीत आलो नाही, तर तुम्ही मला कोणते औषध द्याल, आणि चाचणीतल्या दोन्ही गटांना त्याहून कमी तर काही मिळत नाही ना?’ या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नका.

४. चाचणी शोधा

भारतात होणाऱ्या चाचण्यांची सरकारी नोंदवही सीटीआरआय या संकेतस्थळावर आहे. ती २००७ मध्ये सुरू झाली, २००९ पासून औषध-चाचण्यांची नोंद तिथे बंधनकारक झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच नोंद करावी लागते. नोंदवही कोणालाही पैसे न देता पाहता येते. शोधाच्या चौकटीत ‘रीनल सेल कार्सिनोमा’ हे नाव इंग्रजी अक्षरांत टाका. ‘किडनी कॅन्सर’ टाकले तर बऱ्याच नोंदी सुटतात. चाचणी उघडल्यावर चार गोष्टी पाहा: भरती सुरू आहे की बंद, कोणत्या शहरांतील कोणती रुग्णालये सहभागी आहेत, त्यांपैकी प्रत्येक ठिकाणच्या नीतिमत्ता समितीची, म्हणजे रुग्णांचे हित जपले जाते का हे पाहणाऱ्या समितीची, मान्यता आली आहे का, आणि औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली आहे का. प्रत्येक केंद्राच्या मुख्य संशोधकाचा दूरध्वनी आणि ईमेल तिथेच असतो. फोनपेक्षा ईमेल बरा. त्यात वय, उपप्रकार, रोग कुठे पसरला आहे, सहा बाबींचे आकडे आणि आतापर्यंतचे उपचार एवढेच लिहा.

इथला सापळा असा, की नोंदवहीत नाव आहे म्हणजे औषध चांगले आहे असे सरकारने म्हटले, असा अर्थ लोक काढतात. नोंद म्हणजे फक्त नोंद. दुसरा सापळा मध्यस्थांचा. चाचणीत ‘नंबर लावून देतो’ म्हणून कोणी पैसे मागत असेल तर तिथून उठा. चाचणीचे औषध आणि चाचणीसाठीच्या तपासण्या यांचे पैसे रुग्णाने द्यायचे नसतात.

फोन करायची वेळही सांगतो. निदान झाल्यावर, उपचार सुरू करण्यापूर्वी, तुमच्या डॉक्टरांना विचारा की आठवडा-दहा दिवस थांबल्याने नुकसान आहे का. कॅल्शियम फार चढलेले असेल, मज्जारज्जूवर दाब असेल, रक्तस्राव थांबत नसेल तर थांबू नका, उपचार घ्या. तसे नसेल तर तेवढ्या दिवसांत टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात दुसरे मत घेता येते. आम्ही हे विचारलेच नव्हते.

५. पात्रता-तपासणीची तयारी करा

संमती दिल्यानंतर पात्रता-तपासणी सुरू होते. सगळे तिला ‘स्क्रीनिंग’ म्हणतात. ती बहुधा २८ दिवसांत पुरी व्हावी लागते आणि एखादा स्कॅन त्याहून जुना झाला तर पुन्हा करतात. छाती-पोटाचा सीटी, मेंदूचा एमआरआय, हृदयाचा इको, लघवीतील प्रथिने, थायरॉइड, हिपॅटायटिस बी आणि सी अशा तपासण्या होतात. सीटीवर किमान एक गाठ १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठी आणि मोजता येण्याजोगी असावी लागते. केवळ हाडांत पसरलेला रोग अनेकदा या मापात बसत नाही.

पात्रता हुकण्याची जी कारणे मी प्रतीक्षाकक्षात पुन्हा पुन्हा ऐकली, त्यांतली बरीचशी टाळता येण्याजोगी होती. रक्तदाब नियंत्रणात नसणे हे पहिले. रक्तवाहिन्या रोखणारी औषधे रक्तदाब चढवतात, म्हणून सुरुवातीलाच तो काबूत लागतो. घरी यंत्र घेऊन दोन आठवड्यांची नोंद ठेवा. दुसरे कारण काढे आणि चूर्णे. या गोळ्या यकृतातून बाहेर टाकल्या जातात आणि त्याच वाटेने जाणारा दुसरा पदार्थ त्यांची पातळी वाढवू किंवा घटवू शकतो, म्हणून घटक ठाऊक नसलेले काहीही चालू असेल तर घेत नाहीत. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच कुळातले आपल्याकडचे पपनसही याच कारणाने वर्ज्य. तिसरे कारण क्षयरोग, आणि आपल्याकडे हे विसरून चालणार नाही. क्षयावरचे रिफाम्पिसिन हे औषध कर्करोगाच्या या औषधांची पातळी खाली पाडते, आणि एमटॉर रोखणारी औषधे प्रतिकारशक्ती दाबत असल्याने झोपलेला क्षय पुन्हा उठू शकतो. घरात कोणाला क्षय झाला होता का, हे लपवू नका. दादांनी वीस वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली म्हणून छातीची अधिक तपासणी झाली, चार दिवस गेले, पण पुढचा धोका टळला.

आणखी एक: दात काढायचा असेल किंवा किरकोळ शस्त्रक्रिया राहिली असेल तर आधीच सांगा, कारण या औषधांवर जखम भरायला वेळ लागतो.

६. संमतीपत्र घरी नेऊन वाचा

ही पायरी सर्वांत मोठी आहे आणि इथेच लोक सर्वांत घाई करतात. आमच्या संमतीपत्राची मराठी प्रत बावीस पानांची होती. मराठी प्रत मागणे हा तुमचा हक्क आहे, आणि ती घरी नेऊन डॉक्टर असलेल्या ओळखीच्या माणसाला दाखवणे हाही. भारतात हे सगळे २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांखाली चालते. सही रुग्णाने स्वतः करायची. लिहिता-वाचता येत नसेल तर निःपक्षपाती साक्षीदारासमोर मजकूर वाचून दाखवून अंगठा घेतात. तो साक्षीदार चाचणीशी संबंधित नसावा. दुर्बल गटातील सहभागी असेल आणि औषधाचा रेणू नवा असेल तर संमतीचे ध्वनिचित्रमुद्रणही करावे लागते. कॅमेरा पाहून आमच्या शेजारच्या खाटेवरचे काका घाबरले होते, पण ती सोय त्यांच्याच संरक्षणासाठी आहे. सही केलेल्या पत्राची प्रत हातात आल्याशिवाय खोलीतून बाहेर पडू नका.

अर्जात शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव व नाते विचारतात. उत्पन्न कशाला विचारता म्हणून लोक बिचकतात आणि नामनिर्देशिताच्या रकान्यात काहीबाही लिहितात. चाचणीमुळे मृत्यू ओढवला तर भरपाई देताना ही माहिती लागते, म्हणून तिथले नाव आधार कार्डावरच्या नावाशी अक्षरशः जुळू द्या. भरपाईच्या सूत्रात ८ लाख रुपये ही मूळ रक्कम आहे आणि ती वय व जोखीम यांच्या गुणकाने बदलते. ज्याचे अपेक्षित आयुष्य सहा महिन्यांहून अधिक नाही त्याचा जोखीम-गुणक ०.५, आणि सहा ते चोवीस महिने असेल त्याचा १ धरला जातो. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात. रोग आपल्या गतीने वाढल्याची भरपाई मात्र मिळत नाही, हे समजून असा.

गट ठरवण्याविषयीही बोलायला हवे. कोणाला कोणता गट मिळणार हे संगणक ठरवतो. डॉक्टरांना गळ घालून गट बदलता येत नाही आणि बदलला तर चाचणीच खोटी होते. काही चाचण्यांत एका गटाला प्लॅसिबो, म्हणजे औषध नसलेली पण तशीच दिसणारी गोळी असते. कर्करोगात ती बहुधा प्रचलित उपचारांच्या जोडीला दिली जाते, त्यांच्या ऐवजी नाही. तुमच्या चाचणीत नेमके काय आहे, हे संमतीपत्रातल्या शब्दांवर बोट ठेवून विचारा. मी माझ्या वहीतले प्रश्न देतो:

- रुग्णालयात किती वेळा यावे लागेल, आणि प्रवासखर्च मिळेल का, किती दिवसांत?
- चाचणीच्या काळात होणाऱ्या कोणत्या तपासण्या मोफत आणि कोणत्या आमच्या खर्चाने?
- रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा?
- अतिरिक्त बायोप्सी सक्तीची आहे का?
- माझा नमुना परदेशी जाणार का, आणि पुढच्या संशोधनासाठी वापरण्यास नकार देता येईल का?
- औषध लागू पडले आणि चाचणी संपली, तर ते पुढे मिळेल का?

शंका डॉक्टरांना विचारण्याचा संकोच वाटला तर संमतीपत्रावर नीतिमत्ता समितीच्या सचिवांचा क्रमांक असतो. समितीत किमान सात सदस्य असतात, त्यांत एक कायद्याचा जाणकार आणि एक सर्वसामान्य नागरिक असतो, आणि निम्मे तरी त्या संस्थेबाहेरचे असावे लागतात. मी एकदा फोन केला होता आणि मला सविस्तर उत्तर मिळाले.

७. औषध सुरू झाल्यावर

रोजनिशी म्हणून एक छोटी वही देतात. गोळी घेतल्याची वेळ, रक्तदाब, वजन, जुलाब किती वेळा, तोंड आले का, हे तिच्यात लिहायचे. आठवड्याचे एकदम बसून भरू नका. चाचणीचे रोजचे काम पाहणाऱ्या समन्वयकाला ते लगेच कळते आणि त्या नोंदींवरच मात्रा ठरते. चुकलेली गोळी दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊन भरून काढायची नाही. रिकामी पाकिटे फेकायची नाहीत, ती मोजून परत द्यायची असतात. जेवणाशी नाते प्रत्येक गोळीचे वेगळे असते: पॅझोपॅनिब जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी, कॅबोझॅन्टिनिबच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचे नाही, सुनिटिनिबला असे बंधन नाही.

दुष्परिणामांपैकी काही आधी माहीत असले की धसका बसत नाही. सुनिटिनिब स्वतःच पिवळ्या रंगाचे असल्याने कातडी पिवळसर दिसते आणि गावाकडे लोक कावीळ म्हणून झाडपाला सुरू करतात. आमच्याकडेही हे होता होता राहिले. अर्थात खरी कावीळही होऊ शकते, म्हणून डोळे पिवळे दिसले तर रक्त तपासून घ्यावे. केस पांढरे होतात. तळहात-तळपाय सोलवटतात, सैल चपला, जाड मोजे आणि युरिया असलेले मलम पहिल्या दिवसापासून वापरले तर त्रास कमी होतो. एव्हरोलिमससारख्या औषधांनी तोंडात फोड येतात, साखर वाढते आणि फुप्फुसांना सूज येऊ शकते. कोरडा खोकला आणि धाप यांना सर्दी समजून घरी बसू नका.

गंभीर त्रासात जवळच्या रुग्णालयात दाखल व्हावे लागले तर चाचणीचे ओळखपत्र तिथे दाखवा आणि समन्वयकाला त्याच दिवशी कळवा. अशी घटना समजल्यापासून २४ तासांत संशोधकाला ती वर कळवावी लागते. आम्ही एकदा ‘उगाच औषध बंद करतील’ या भीतीने दोन दिवसांचे जुलाब लपवले. दादांचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारा रक्तातील आकडा) चढले आणि औषध तीन आठवडे थांबले. वेळेवर सांगितले असते तर कदाचित मात्रा कमी करून भागले असते.

ठरावीक आठवड्यांनी स्कॅन होतो. निवडलेल्या गाठींच्या मापांची बेरीज ३० टक्क्यांनी घटली तर अंशतः प्रतिसाद, सर्वांत कमी मापापेक्षा २० टक्क्यांनी वाढली तर रोगवाढ, आणि मधले सगळे ‘स्थिर’. ‘स्थिर’ ऐकून घरचे खट्टू होतात. अधिक जोखमीच्या रोगात काही महिने स्थिर राहणे ही खरी कमाई आहे. दादा त्या काळात नातीच्या बारशाला दोन तास बसले.

आणि वेदनाशमन चाचणीबरोबरच सुरू ठेवा. पॅलिएटिव्ह विभागाकडे जाणे म्हणजे हार मानणे, असे आम्हाला वाटत होते. मणक्याचे दुखणे त्या विभागाने आठवड्यात आटोक्यात आणले, आणि त्यासाठी चाचणी सोडावी लागली नाही. औषधे मात्र समन्वयकाला दाखवूनच सुरू करावी.

८. बाहेर पडताना

कोणत्याही दिवशी, कारण न देता, चाचणीतून बाहेर पडता येते आणि त्यामुळे त्या रुग्णालयातले पुढचे उपचार नाकारता येत नाहीत. मात्र फोन बंद करून गायब होऊ नका. औषध सोडायचे आहे, पण तब्येतीची चौकशी केलेली चालेल, असाही पर्याय असतो आणि तो लेखी नोंदवता येतो. औषध लागू पडत असताना चाचणी संपली आणि दुसरा पर्याय नसेल, तर संशोधकाची शिफारस आणि नीतिमत्ता समितीची मान्यता असल्यास ते पुढे मोफत देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. चाचणी संपायच्या महिनाभर आधीच त्याची विचारणा लेखी करा.

रोग वाढल्यामुळे बाहेर पडावे लागले तर त्याच भेटीत तीन गोष्टी मागून घ्या: घेतलेल्या औषधाचा, मात्रांचा आणि दुष्परिणामांचा गोषवारा, शेवटच्या स्कॅनची सीडी, आणि ब्लॉक. पुढच्या उपचारांपैकी काय महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसते, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा; तिथे कोणते कागद लागतात तेही विचारून घ्या.

दादा अकरा महिने चाचणीत होते. शेवटच्या भेटीत उरलेल्या गोळ्या मोजून परत करताना त्यांनी समन्वयकाकडून एक कोरा कागद मागून घेतला आणि चाचणीचे निष्कर्ष जेव्हा येतील तेव्हा ते सोप्या मराठीत कळवावेत, असे लिहून त्यावर माझा पत्ता व दूरध्वनी दिला. तुम्हीही असा कागद द्या, आणि पत्ता घरातल्या तरुण माणसाचा लिहा, कारण निष्कर्ष यायला वर्षे लागतात.